काकांचा डावा कान

दूरचित्रवाणीचा भर सभेत अपमान करू शकेल असा शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये एकच मनुष्य आहे, आणि तो माझा शेजारी आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादसभा असली की आम्ही मराठी मंडळी माझ्या घरी जमतो. शेजारचे काका मात्र पडद्याकडे पाठ करून बसतात. वादसभा ऐकायची असते, हे त्यांचे पहिले सूत्र. उमेदवार घामाघूम झाला की आम्ही हळहळतो. काका विचारतात, "ते असो. उत्तर काय दिले त्याने?" ते कोणालाच आठवत नाही. एकदा एक मित्र म्हणाला, "पण काका, तो प्रेसिडेन्शियल दिसतो यार!" काका मान न वळवता म्हणाले, "राष्ट्राध्यक्ष निवडतोयस की जावई?" पूर्वी उमेदवार रेल्वेच्या शेवटच्या डब्यातून गावोगाव भाषणे करीत आणि खालून लोक त्यांना अडवून प्रश्न विचारीत, पडदा आल्यावर उमेदवार घरात शिरला आणि प्रश्न विचारणारा घराबाहेर राहिला, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

असा हा मनुष्य गेल्या वर्षी स्वतःच शाळामंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला. कारण सरळ होते. आईवडील कामावरून परतेपर्यंत मुलांना शाळेत बसवून काकू जो अभ्यासवर्ग विनावेतन घेत, तो मंडळ बंद करणार होते. उमेदवारांची चर्चा स्थानिक वाहिनीवर होती. मुलीने फोनवरून बजावले, "बाबा, प्लीज, मेकअपला नाही म्हणू नका." काकांनी पावडर परत पाठवली. "मी उत्तरे द्यायला आलोय, बोहल्यावर चढायला नाही."

उत्तरे त्यांनी दिलीही. मुद्देसूद आणि सप्रमाण. परंतु ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे पाहून बोलावे, हे आपल्याकडील वळण. प्रश्नकर्ता बाजूला बसला होता आणि कॅमेरा समोर. त्यामुळे घरोघरी दिसला तो काकांचा डावा कान. प्रतिस्पर्धी घरे विकणारा होता. तो कॅमेऱ्याकडे पाहून हसला आणि कुटुंबमूल्यांविषयी बोलला. कोणत्या मूल्यांविषयी, ते त्यालाही सांगता आले नसते. काका पडले. "मुद्दे करेक्ट होते हो काका, पण आय कॉन्टॅक्टच नाही केला तुम्ही," असे सांत्वन आमच्याच मंडळींनी केले. अभ्यासवर्ग महिन्याभरात बंद झाला.

विजयी उमेदवार आभार मानायला घरी आला. हसतमुख, निर्मळ, राग धरावा असे त्याच्यात काहीच नव्हते, हे अधिकच वाईट. त्याला काकांसोबत छायाचित्र हवे होते. काकूंनी त्याचा फोन हातात घेतला आणि त्या म्हणाल्या, "अहो, इकडे बघा."

छायाचित्र अप्रतिम आले. त्याने ते फेसबुकवर टाकले आणि हजारो लोकांनी पाहिले. असा प्रसन्न चेहरा आधी का नाही दाखवलात, असे अनेकांनी काकांना विचारले. छायाचित्र काढले तेव्हा मी दारातच उभा होतो, म्हणून मला ठाऊक आहे. तेव्हाही ते कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. ते काकूंकडे पाहत होते. आणि फोनच्या मागे काकूंचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांना धीर देण्यासाठी हसत होते.