वांगणीच्या सहा नोंदी

हिरव्या पतंगांच्या यादीचं काय झालं, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. यादी छापायला गेली. मात्र मी आधी लिहून ठेवली होती तशी गेली नाही.

या पतंगांच्या, म्हणजे रात्री दिव्यावर येणाऱ्या पाखरांच्या, प्रजातीचं नाव डॅफ्निस. तिच्या दोन जाती आमच्या भागात मिळाल्या. एक हिरवीगार, गुलाबी झाक असलेली. हिच्या अळ्या कण्हेर नाहीतर तगर खातात. दुसरी काळपट, पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका. ठिपका पाहायचा आणि वेगळं करायचं, एवढं ते सोपं. कोणती जात कुठे सापडते हे शोधणं अवघड, कारण माझे गुडघे आता मला जव्हारच्या बाजारापलीकडे नेत नाहीत. मोखाड्याकडचे, पोशेऱ्याचे पतंग एक निवृत्त शिक्षक एस.टी.ने आणून देत. जव्हार तालुक्यातल्याच वांगणीचे आणायची माझी एक जुनी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत तिथल्या शाळेत माझ्या वर्गात होती. आता तिची मुलगी चौथीत आहे.

पावसाळ्यात ती करटोली विकायला जव्हारला येते. मेलेले पतंग कागदाच्या पुड्यांत, पुड्या बिस्किटाच्या डब्यात. प्रत्येक पुडीवर तारीख, ही मी लावलेली शिस्त. "कुठला गं हा?" मी विचारायचे. "आमच्याकडचा, बाई." मी वहीत लिहायचे, वांगणी. हिरव्या जातीच्या वांगणीच्या सहा नोंदी झाल्या. यादी छापून येणार आहे हे कळल्यावर ती खूश झाली होती. "रस्ता वाहून गेला तरच पेपरात येतो आमचा गाव. आता पाखरांसाठी येईल."

यादी स्वच्छ उतरवताना त्या सहा तारखा एकाखाली एक आल्या. सगळ्या जानेवारी ते एप्रिलच्या. मी पेन खाली ठेवलं. दिवाळीनंतर वांगणीतली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दर वर्षी हजेरी घेताना त्या मुलांच्या नावापुढे गैरहजर लिहिणारी मीच होते. तरी सहा वेळा मला ते सुचलं नाही.

पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा मी वही उघडूनच बसले होते.

"हे भट्टीवरचे ना?"

"हो. दिव्याखाली पडायचे सकाळी."

"मग आमच्याकडचे का म्हणालीस?"

"बाई, आम्ही तठंच व्हतो तवा. मंग आमच्याकडचेच ना?"

मला हसू आलं, पण सांगणं भाग होतं. या सहा नोंदी वांगणीच्या म्हणून देता येणार नाहीत. उद्या कोणी तिथे शोधायला गेलं तर चुकीच्या माहितीवर जाईल. ती करटोलीची पाटी पुढे-मागे सरकवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमचा गाव खोडला तुमी."

"गाव नाही गं. भट्टी कुठे आहे सांग, तिथलं लिहू."

"भट्टीला काय नाव ऱ्हातं? शेठची भट्टी."

"जवळ काय आहे?"

"हायवे. मधल्या पट्टीत लांबच लांब कण्हेरी. मुकादम पोरांना वरडायचा, पाला तोंडात घालू नका, इखारी हाय."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. हिरव्या अळ्यांचं खाणं तिथे मैलोन्‌मैल लावलेलं होतं. वांगणीपेक्षा ही नोंद जास्त कामाची होती, आणि तसं मी तिला म्हटलंही. तिचा चेहरा काही खुलला नाही.

"कामाची ती तुमाला," ती म्हणाली. "आमचा गाव तर गेलाच."

खरं होतं ते. मी वही पुन्हा पाहिली. 'गोळा करणारे' या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझंच नाव होतं, ज्या बाईने एकही पतंग उचलला नव्हता तिचं. इतक्या वर्षांत मला ते खटकलं नव्हतं. तिच्यादेखत सहा ठिकाणी ते खोडलं आणि तिचं पूर्ण नाव घातलं, पुढे 'राहणार वांगणी, ता. जव्हार'. तिने बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचली. चौथ्या ओळीत वेलांटी चुकली होती, ती दाखवली.

"हे छापतील?"

"माहीत नाही. जागा वाचवायला हा रकाना गाळतात कधीकधी. गाळू नका, असं पत्रात लिहिते."

"ठळक लिवा," ती म्हणाली, आणि पाटी उचलून बाजाराकडे गेली.

मी ठळक लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.