चॉकलेट डेझी

आज सकाळी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या बागेत चक्क चॉकलेटचा वास सुटला होता. चॉकलेट डेझी हे वाळवंटातलं पिवळं फूल. नलू, माझी बायको, गेल्यावर आमचं जुनं रोप इथल्या पावसात कुजलं, म्हणून यंदा मी नवं रोप आणलं. वास मात्र आज पहिल्यांदाच घेतला. पूर्वी सकाळची सगळी फुलं देवाला जायची, आणि देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, अशी नलूची सक्त ताकीद होती.

केमोमुळे तिला वास येईनासा झाला होता. तो परतला की ती बरी होणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. एका दुपारी हॉस्पिटलमधून आल्यावर मी जादूगाराच्या थाटात तिच्यापुढे त्या डेझीचं, देवाला न गेलेलं एक फूल धरलं. माझं नाक सर्दीने चोंदलेलं.

"आला?"

तिने डोळे मिटले. "आला हो. चॉकलेटचा डबा उघडल्यासारखा."

मी तिथेच लावणीचा ठेका धरला.

"अहो, पुरे. शेजारी बघतायत," ती हसत म्हणाली.

हा किस्सा मी एवढी वर्षं नाचासकट रंगवून सांगत आलो. आज दुपारी शेजाऱ्याला मोठ्या कौतुकाने फुलाजवळ नेलं, तर वास गायब. ऊन चढलं की तो उडून जातो.

म्हणजे त्या दुपारीही तो नव्हता. नलूला काहीच आलं नव्हतं. मी नाचत होतो, आणि ती मला नाचू देत होती.