शाळेसमोरचं घर आणि मोठेबाबांची छागल

आमच्या सौभाग्यवतीच्या मोठेबाबांइतका रस्ता कळलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि आता या वयात कुठे दिसेल अशी आशाही नाही. मोठेबाबा म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हा तिला वाढवलं ते यांनीच. समुद्रपूरजवळच्या एका खेड्यात त्यांची कपाशीची शेती होती, दारात बैलांची बंडी होती, आणि इंजिन असलेली कुठलीही वस्तू जन्मात त्यांच्या मालकीची झाली नाही. तरीही गाडी कुठे उभी करावी, आणि मुख्य म्हणजे उभी केलेली गाडी तिथून निघेल कशी, या विषयात पंचक्रोशीत त्यांचा शब्द शेवटचा. बाहेर पडायची वाट बघून ठेवल्याशिवाय हा माणूस कशातही शिरत नसे. देवळात चपला काढायचे त्या तोंड रस्त्याकडे करून. पंगतीत बसायचे ते टोकाला, एसटीत बसायचे ते दाराशी. खाट टाकायचे ती पायतं दाराकडे करून, म्हणजे उठलं की चालायला सुरुवात. एखाद्याच्या घरी भांडण मिटवायला गेले तरी आधी अंगणात उभं राहून कोण कुठून निघून जाऊ शकेल याचा अंदाज घ्यायचे, आणि मग बरोबर त्याच जागी जाऊन बसायचे. त्यांनी मिटवायला घेतलेली भांडणं मिटत ती बहुतेक यामुळेच.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. बरोबरच्या मंडळींनी माझा पगार विचारला, शिक्षण विचारलं, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारला. मोठेबाबा यातल्या कशालाच नव्हते. ते बोळात उभे होते. आमच्या भाड्याच्या खोल्यांसमोर घरमालकाने जुनी लाकडं रचून ठेवली होती, तिकडे बघत त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "अठी बंडी फिरते काय?"

वडील म्हणाले, "आमच्याकडे बंडी नाही."

"आमच्याकडं हाय ना. पोरीले भेटाले येईन तवा मी काय उलटा उलटा गावाले जाऊ?"

लाकडं उचलली गेली आणि मग लग्न ठरलं. माझ्या पसंतीत माझा वाटा किती आणि मोकळ्या झालेल्या बोळाचा किती, हे मी अजून बायकोला विचारलेलं नाही.

लग्नानंतर गिरडला टेकडीवरच्या बाबांच्या दर्ग्याला नवस फेडायला गेलो. पायथ्याशी पोचल्याबरोबर सगळे जण बंड्या जागा मिळेल तिथे सोडून वर धावले. मोठेबाबांनी मात्र एवढ्या गर्दीत बैलांना चुचकारत बंडी पूर्ण फिरवली, तिचं तोंड गावाकडे केलं आणि मग बैल सोडले. मी नवा जावई, तोंडात जीभ जरा जास्त. म्हटलं, "मोठेबाबा, आधी दर्शन, मग बंडी, असं नको का?"

"जवाईबापू, बाबा टेकडीवरच हायेत, ते कोठी जात नाई. रस्ता जाते."

आणि खरोखर, खाली आलो तेव्हा रस्ता गेलेला होता. चाकात चाक अडकलं होतं, बैल एकमेकांकडे बघत होते, माणसं एकमेकांच्या सात पिढ्या काढत होती. त्या सगळ्यांच्या कडेने आमची बंडी डुलत डुलत निघाली. मी मागे बघत बसलो होतो. टेकडीवर हात जोडले होते ते खाली आल्यावर पुन्हा जोडावेसे वाटले, ते या माणसाला.

फक्त एका बाबतीत हा माणूस अडून बसला होता. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. हा रिवाज तिकडे बऱ्याच घरांत होता, पण लेकीला मूल झालं की लोक सैल पडत. मोठेबाबा पडले नाहीत. आमच्याकडे यायचे ते खांद्याला पाण्याने भरलेली छागल अडकवूनच. ती कॅनव्हासची ओली पिशवी खुंटीला टांगायची, तहान लागली की तिचं बूच काढायचं. बायको दर वेळी तांब्या भरून पुढे करायची आणि दर वेळी तो परत न्यायची. "माह्या हातचं पाणी कडू हाय का?" असं एकदा विचारून बसली, तर म्हणाले, "कडू काऊन राहीन? तुह्या घरचं हाय, म्हणून नाई."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती माझ्या मूर्खपणाची आहे, त्यामुळे सांगायला मला बराच सराव आहे.

स्कूटरसाठी नंबर लावल्यावर माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि मग कुठे ती आली. सत्तरच्या दशकाची अखेर होती. ती उभी करायला भाड्याच्या खोलीत जागा नव्हती. रात्री ती घरमालकाच्या म्हशीशेजारी उभी असायची आणि सकाळी मी तिच्यावरचं शेण पुसायचो. म्हणून हिंगणघाटातच घर बघायला लागलो. फाटक असलेलं, आत स्कूटर जाईल असं. आणि एक मिळालंही. पुढे ओटा, अंगणात फांद्या पार रस्त्यावर गेलेला कडुनिंब, समोर शाळा. गल्ली इतकी शांत की माझ्या स्कूटरचा आवाज मलाच उद्धट वाटला. मुलं रस्ता ओलांडला की वर्गात, शेजार सगळा मास्तरलोकांचा, आणखी काय पाहिजे? बायको त्या कडुनिंबाखाली नुसती उभी राहिली. आधी चुलत्याचं घर, मग घरमालकाचं. स्वतःचं म्हणावं असं झाड तिला पहिल्यांदाच मिळत होतं.

मोठेबाबांना घर दाखवल्याशिवाय काही करायचं नाही असं तिने बजावलं होतं. पण ते लग्नसराईत अडकले होते. त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला: शाळा लागल्याबिगर इसार देऊ नका. मी हसलो. शाळा लागणार जूनअखेर, आणि अक्षय तृतीया उद्यावर आलेली. आपल्याकडे घराचा सौदा करायचा तर याहून चांगला मुहूर्त नाही, त्यासाठी लोक वर्षभर थांबतात. मी इसार दिला, पेढे वाटले. आपल्याकडचा हा उत्तम मुहूर्त नेमका शाळेच्या सुट्टीत येतो, हे इतकी वर्षं कॅलेंडर बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग शाळा लागली.

पहिल्या घंटेला सायकल-रिक्षा आल्या. एकेका रिक्षेत पोरं अशी भरलेली की आधी दप्तरं दिसत, मग पाय. आजूबाजूच्या खेड्यांतून मुलांना सोडायला बंड्या आल्या. चिंचा-बोरांची हातगाडी बरोबर आमच्या फाटकासमोर लागली, कारण तिथे म्हणे ती आधीपासूनच लागायची. आणि सायकली. आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून, एकीला टेकून दुसरी, दुसरीला टेकून तिसरी, अशी रांग फाटकावरून पुढे गेली. आत मी, स्कूटर आणि कचेरीची वेळ. पहिल्या दिवशी हॉर्न वाजवला तर पोरांनी तो ऐकायला गर्दी केली.

मी गप्प बसणारा नव्हे. पेंटरकडून पाटी रंगवून आणली, "येथे सायकली लावू नयेत", आणि भिंतीवर ठोकली. तोवर शाळेतल्या निम्म्या मुलांना सायकल नेमकी कुठे लावावी ते ठाऊक नव्हतं. पाटीने ती अडचण दूर केली. "पाटीखाली लाव," असं मास्तरच सांगू लागले. पावसाळाभर मी कचेरीत चालत गेलो आणि संध्याकाळी येऊन उभ्या स्कूटरवरची धूळ पुसली. म्हशीची आठवण येऊ लागली.

शेवटी मी घर विकायचं ठरवलं. एक कापडवाले गिऱ्हाईक म्हणून तयार झाले. त्यांना घर बघायला दिवाळीच्या सुट्टीत बोलावलं. कडुनिंबाखालचं अंगण बायकोने सारवलं, आणि कंडक्टरबरोबर गावाला निरोप धाडला.

मोठेबाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हजर. खांद्याला छागल, काखेत छत्री. मी नमस्कार केला.

"गिऱ्हाइकाले दिवाळीच्या सुट्टीत काऊन बोलावलं?"

मी कडुनिंबाकडे बघितलं.

"शाळा चालू असताना बोलवा ना त्याले. काय लपवून राह्यले?"

"मोठेबाबा, तुम्हीच सांगा. ठेवू की विकू? तुम्ही म्हणाल ते."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"आधी पाहू तर द्या," असं म्हणून ते फाटकासमोर नालीवर टाकलेल्या रपट्यावर जाऊन बसले. शाळा भरताना बसले होते ते भरून झाल्यावरही तसेच बसले. ऑक्टोबरचं ऊन असं की कावळेही सावलीला. बायको तांब्या घेऊन फाटकापर्यंत गेली आणि परत आली. दुपारपर्यंत छागल रिकामी झाली. मोठेबाबा उठले, छत्री उघडली, आणि समोर शाळेत शिरले. शाळेच्या व्हरांड्यात रांजण होता. शाळेचं पाणी म्हणजे लेकीच्या घरचं नव्हे, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला असावा.

त्यांचं धोतर, पांढरा फेटा आणि चाल बघून हेडमास्तरांना वाटलं कुणी तरी वरून तपासणीला आलं. त्यांनी खुर्ची मागवली. मोठेबाबांनी पाणी पिऊन घेतलं, मोकळ्या मैदानाकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "गुरुजी, पोट्टे सायकली तिकडं काऊन लावतात?"

"शिस्त नाही हो."

"शिस्त नाई, सावली नाई. तुमच्या वावरात एक झाड नाई. उन्हात सायकल ठेवली का ट्यूबचं ठिगळ सुटते. पोट्ट्याइले समजते ते. आन ते मांगचं फाटक काऊन बांधलं?"

"बकऱ्या येतात."

"मंग बकऱ्यांसाठी येक मानूस ठेवा. पोट्ट्याइले काऊन कोंडलं?"

हे मला नंतर हेडमास्तरांनीच सांगितलं, आणि सांगताना ते उभे होते.

दोन दिवसांनी मोठेबाबा बंडी घेऊन आले. बंडीवर बांबू आणि तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, दोन माणसं उंच. आणि आले ते नेमके शाळा सुटायच्या वेळी. मी फाटकातून बघत होतो. मागे रिक्षा, पुढे सायकली, मधे हातगाडी, आणि त्यात ती डोंगरासारखी बंडी. आता इथे गिरड होणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मोठेबाबा बंडीवरून उतरून गल्लीच्या मधोमध उभे होते. आरडाओरडा नाही. एका हाताने बैलाच्या कपाळाला थोपटत होते आणि दुसऱ्या हाताने एकेका रिक्षेवाल्याला बोलवत होते, पंगतीत वाढप्याला बोलवावं तसं. "तू आधी. तू थांब रे बाप्पा. तुह्यं तोंड तिकडं कर. पोट्टेहो, सायकली फिरवा. तोंड बाहेर." रिक्षा फिरल्या, सायकली फिरल्या, चिंचवाल्याने आपण होऊन गाडी उचलली. ज्या गल्लीत शाळा सुटताना माझी स्कूटर कधीच शिरली नव्हती, तिच्यातून तुऱ्हाट्यांचा डोंगर एका पानालाही न लागता शाळेच्या मैदानात गेला. रिक्षावाले बिड्या विझवून बघत राहिले. मी तर काय, फाटक धरून उभा होतो ते धरूनच राहिलो.

मैदानात मांडव पडला. मागचं फाटक उघडलं. सायकली मांडवाखाली, तोंड बाहेर करून लागायच्या असं ठरलं, आणि पोरं ते आनंदाने पाळू लागली. कारण घंटा झाली की सगळ्यात आधी घरी पोचायला मिळत होतं. सगळी शाळा त्यांना मोठेबाबाच म्हणू लागली. चिंचवाला तेवढा आमच्या फाटकाशी राहिला. "त्याले राहू द्या," मोठेबाबा म्हणाले, "तो निंगा म्हटलं का निंगते."

"मग घराचं काय?" मी विचारलं.

ते दाराकडे बघत होते. दारात बायको उभी होती. "पोरीनं आंगन सारवून ठेवलं, जवाईबापू. विकणाऱ्याचं आंगन असं नसते."

कापडवाल्यांना मी निरोप धाडला. बायकोने तांब्या भरून आणला. मोठेबाबांनी मान हलवली, छागल घेतली आणि शाळेच्या रांजणाकडे गेले.

पुढची कित्येक वर्षं हेच चाललं. तुऱ्हाट्यांच्या जागी टिनाचं छत आलं, रिक्षा वाढल्या, मास्तरांच्या लुना आल्या, आणि मोठेबाबा थकले. बंडी मुलाकडे गेली. ते यायचे एसटीनेच, दाराशी बसून, आणि पाणी प्यायचे ते शाळेतच.

शेवटचे आले तेव्हा मे महिना होता. एसटी स्टँडवरून चालत आलेले, चेहरा उन्हाने उतरलेला. फाटकाबाहेर कडुनिंबाच्या सावलीत, रपट्यावरच टेकले. छागल आताशा गळायची, ती वाटेतच रिकामी झाली होती. मी खिडकीतून बघत होतो. बायकोने स्वयंपाकघरातल्या आपल्या माठातून तांब्या भरला, मागच्या दाराने निघाली, बोळाने वळसा घालून शाळेच्या बाजूने रस्त्यावर आली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली.

"शाळेतलं आणलं, मोठेबाबा."

त्यांनी वर बघितलं. समोर शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. व्हरांड्यातला रांजण सुट्टीपुरता पालथा घातलेला स्पष्ट दिसत होता. मे महिन्यात शाळा बंद असते, हे माझ्यासारख्या शहाण्याला ज्याने कंडक्टरबरोबर कळवलं होतं, तो माणूस थोडा वेळ त्या कुलपाकडे बघत राहिला. मग त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा प्यायले.

"थंड हाय शाळेचं पानी," ते म्हणाले, आणि तांब्या पुन्हा पुढे केला. "आनखी आन."

या वेळी बायको वळसा घालून गेली नाही. सरळ पुढच्या दाराने आत आली आणि भरून घेऊन गेली.

मग त्यांनी काठी टेकली, फाटकातून आत आले आणि ओट्यावर चपला काढल्या. पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही, पण ते त्या दुपारी कुणाला माहीत होतं? मी मागाहून बाहेर आलो, तेव्हा चपलांचं तोंड घराकडे होतं. त्यांच्या सवयीप्रमाणे मी त्या रस्त्याकडे फिरवून ठेवायला वाकलो. मग तशाच राहू दिल्या.