गिअर ऑइलचा वास

आनंदराव सोमकुवर कामठीत राहतात आणि कामठी रोडवरच्या भैयाजींच्या गॅरेजात पस्तीस वर्षांपासून काम करतात. त्यांचे वडील पॉवरलूमवर होते. मागांच्या खडखडाटात त्यांचा एक कान गेला होता. पोरानं मागावर जाऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं, म्हणून दहावीत नापास झाल्यावर आनंदराव गॅरेजात लागले. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जुन्या जीपा तेव्हा तिथे दुरुस्तीला येत. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांची त्यांना ओळख झाली ती तेव्हापासून.

पुढे जीपा कमी झाल्या आणि पेंचच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी येऊ लागल्या. पावसाळ्यात जंगल बंद असतं. ऑक्टोबरात गेट उघडायच्या आधी पारशिवनीकडच्या जिप्सी एकामागून एक गॅरेजात येऊन उभ्या राहतात. नाल्यातून आणि गिट्टीतून वर्षभर फिरलेल्या गाडीचं तीन ठिकाणचं तेल बदलावं लागतं: पुढच्या दोन चाकांमधल्या डिफरेन्शियलचं, मागच्या डिफरेन्शियलचं, आणि ताकद पुढे-मागे वाटून देणाऱ्या मधल्या ट्रान्सफर केसचं. हे काम आनंदरावांचं. ते गाडीखाली झोपून नट सोडत, पडणारी धार बोटावर घेत, चोळत, नाकाशी नेत आणि सांगत की आत पाणी गेलं आहे, किंवा बेअरिंग तापतं आहे, किंवा काहीच झालेलं नाही. बहुतेक वेळा ते बरोबर निघे. जिप्सीवाल्यांत त्यांच्या नाकाचं नाव होतं.

२०२१च्या एप्रिलात आनंदराव आणि त्यांची बायको प्रेमिला दोघांनाही करोना झाला. दोघंही घरातच बरी झाली. प्रेमिलाबाईंची चव पंधरा दिवसांत परत आली. आनंदरावांचा वास मात्र आला नाही. एकदा प्रेमिलाबाई शेजारी गेल्या असताना गॅसवरची डाळ जळून कोळसा झाली. पाच हातांवर पेपर वाचत बसलेल्या आनंदरावांना धूर डोळ्यांना झोंबेपर्यंत पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, कोणाचा परत येतो, कोणाचा येत नाही, वाट पाहा.

"गॅरेजात सांगतलं का?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"काहून सांगू? काम हातानं होते, नाकानं नाही."

तीन वर्षं तसंच निभावलं. तेल ते पूर्वीसारखंच नाकाशी नेत, पण निदान करत ते रंगावरून, बोटांत लागणाऱ्या खरखरीवरून आणि नटाच्या चुंबकाला चिकटलेल्या लोखंडाच्या भुकटीवरून. कोणाला फरक कळला नाही. आपल्याला वास येत नाही हे कधीकधी त्यांच्याही ध्यानात राहत नसे.

२०२४च्या सप्टेंबरात, शेवटच्या आठवड्यात, रोशनी उइके तिची जिप्सी घेऊन आली. रोशनी सत्तावीस वर्षांची, पारशिवनीच्या पुढच्या एका गावची. आधी ती जंगलात गाईड होती. मग गाडी शिकली आणि मामाची बारा वर्षं जुनी जिप्सी तिनं घेतली. मालकीण म्हणून हा तिचा पहिलाच हंगाम होता. सकाळी सातला आली ती काम होईपर्यंत गाडीशेजारी स्टुलावर बसून राहिली.

गॅरेजात त्या दिवशी सात गाड्या होत्या, म्हणून भैयाजी स्वतः तेल काढून देत होते. मागच्या शेडमध्ये दोन निळे ड्रम होते. एकात गिअर ऑइल, दुसऱ्यात ट्रकांसाठी आणलेलं जाड इंजिन ऑइल. दोन्ही ड्रमांवरची अक्षरं पावसानं धुतली गेली होती. भैयाजींनी एक कॅन भरला आणि आनंदरावांजवळ आणून ठेवला. रंग मधासारखा, जाडीही जवळजवळ तीच. फरक होता तो वासाचा. डिफरेन्शियलच्या दातांवर दाब फार येतो, ते झिजू नयेत म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक घालतात, आणि त्यामुळे त्याला सडलेल्या लसणासारखी घाण येते. नव्या कामगारालाही हे दोन दिवसांत कळतं. रोशनीला ते माहीत असायचं कारण नव्हतं. आनंदरावांनी कॅनमध्ये बोट बुडवून नेहमीसारखं नाकाशी नेलं, तिन्ही ठिकाणी तेल भरलं, नट आवळले आणि हात पुसले.

"झालं, बाई. आता वर्षभर पाहू नको," ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्याच ड्रममधून आणखी तीन जिप्सींत तेल गेलं.

ऑक्टोबरच्या सहा तारखेला सकाळच्या फेरीत रोशनीच्या गाडीत नागपुरातल्या मनीषनगरचं एक कुटुंब होतं, म्हातारे आईवडील धरून सहा माणसं. मागून बारीक रडल्यासारखा आवाज तिला दोन दिवसांपासून येत होता. त्या दिवशी तो वाढला, मग जळका वास आला, आणि एका चढावर मागची चाकं जखडून गाडी उभी राहिली. जंगलात गाडीतून उतरायला मनाई असते. दुसरी जिप्सी येईपर्यंत पाऊण तास गेला. आजोबांनी दोनदा लघवीचं विचारलं आणि रोशनीनं दोनदा नाही म्हटलं. शेवटी दोन गाड्या एकमेकींना चिकटवून माणसं पलीकडे घेतली. रोशनीची गाडी ओढून बाहेर काढली, आणि दुरुस्त होईपर्यंत तिचं नाव फेऱ्यांच्या यादीतून गेलं.

तिसऱ्या दिवशी ती गाडी टेम्पोवर चढवून गॅरेजात घेऊन आली. भैयाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"जुनी गाडी आहे, रोशनी. दात झिजलेच असतीन. याले कोणी काय करंन?"

आनंदराव खाली झोपले आणि मागच्या डिफरेन्शियलचा नट सोडला. काळं तेल पडलं. चुंबकावर भुकटी नव्हती, दातांचे तुकडे होते. त्यांनी तेल बोटावर घेतलं, नाकाशी नेलं आणि हात तिथेच थांबवला. मग बाहेर येऊन तो हात त्यांनी रोशनीपुढे धरला.

"याचा वास पाहा."

"जळल्याचा येऊन राहिला, काका."

"आणखी? सडल्या लसणासारखा?"

"नाही. फक्त जळल्याचा."

आनंदराव तिला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. दोन्ही ड्रमांची बुचं त्यांनी काढली. भैयाजी मागोमाग आले. रोशनीनं पहिल्या ड्रमावर वाकून पाहिलं आणि तोंड फिरवून खोकली. दुसऱ्या ड्रमाशी ती बराच वेळ वाकून राहिली.

"याले तं काहीच वास नाही."

"तेच तुझ्या गाडीत गेलं," आनंदराव म्हणाले.

भैयाजींचा चेहरा उतरला. "कॅन मी भरला. घाईत होतो मी. पण आनंदराव, तुमच्या नाकाखालून गेलं कसं? चौतीस वर्षं झाले गा तुम्हाले."

"मले वास येत नाही, भैयाजी. करोनापासून."

रोशनीनं विचारलं, "मंग माझ्यासमोर बोट नाकाशी काहून नेलं तुम्ही?"

"सवय," ते म्हणाले, आणि तेवढ्यानं भागलं नाही हे त्यांना स्वतःलाच कळलं. हातावरचं तेल चिंधीला पुसत ते म्हणाले, "काम जाईन म्हणून भेव वाटे."

"सांगतलं असतं तं माझी गाडी जंगलात उभी नसती राह्यली."

"नसती राह्यली," आनंदराव म्हणाले.

नव्या गाडीनं कदाचित महिनाभर तक्रार केली नसती, बारा वर्षांच्या दातांनी जंगलात आठवडाही काढला नाही. आणि बाकीच्या तीन गाड्या त्याच तेलावर जंगलात रोज दोन फेऱ्या मारत होत्या. आनंदरावांनी तिथेच उभं राहून तिघा मालकांना फोन लावले. झालं ते सांगितलं, चूक कोणाची तेही सांगितलं, आणि गाडी हलवू नका, मी उद्या येतो म्हणाले. एकानं ऐकून फोन ठेवून दिला. दुसऱ्यानं फोन भैयाजींना द्यायला सांगितलं आणि त्यांना पाच मिनिटं शिव्या दिल्या. तिसरा फक्त किती वाजता येता एवढंच म्हणाला. भैयाजींनी त्याच संध्याकाळी गिअर ऑइलचे सीलबंद डबे आणवले.

घरी प्रेमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या वास कोण घेईन?"

"सीलबंद डबे आहेत."

"आतून निघंन त्याचं विचारून राहिली मी. जुनं सगळं निघालं का नाही, हे तुम्हाले कसं समजंन?"

लग्न झाल्यापासून प्रेमिलाबाई नवऱ्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत आल्या होत्या, कारण त्या तेलाच्या वासानं त्यांना मळमळे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या आनंदरावांसोबत पारशिवनीला गेल्या, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. तीन गावांत, तीन अंगणांत, आनंदराव गाडीखाली झोपले आणि प्रेमिलाबाई पदर कमरेला खोचून बाहेर उकिडव्या बसल्या. नवं तेल थोडं घालून चाकं फिरवायची, ते सोडून द्यायचं, प्रेमिलाबाईंनी वास घ्यायचा, मग पुन्हा भरायचं. पहिल्या अंगणात त्यांना उलटी झाली. मालकाच्या आईनं त्यांना लिंबू आणून दिलं, आणि चूळ भरून त्या परत येऊन बसल्या. एका गाडीच्या चुंबकावर थोडी जास्त भुकटी निघाली. बाकीच्या दोन्ही ठीक होत्या. फोन ठेवून देणारा मालक पूर्ण वेळ खाटेवर बसून होता. निघताना त्यानं चहा विचारला, पण बसची वेळ झाली होती.

रोशनीच्या गाडीला अकरा दिवस लागले. आतली दातांची चक्रं बदलली, बेअरिंग बदललं, आणि दात नीट जुळेपर्यंत तीनदा जोडून, तीनदा उघडून आनंदरावांनी ती बसवली. रोज दुपारी रोशनी येई आणि पाहत बसे. प्रश्न विचारी, आनंदराव उत्तर देत. यापलीकडे त्यांच्यात बोलणं झालं नाही. तिच्या पंचवीसेक फेऱ्या बुडाल्या. दिवाळीच्या गर्दीआधी गाडी यादीत परत लागली.

भैयाजींनी आनंदरावांना काढलं नाही. सुटं तेल घेणं त्यांनी बंद केलं. त्या चार मालकांपैकी दोघं पुढच्या सप्टेंबरात परत आले, दोघं आले नाहीत. न येणाऱ्यांत रोशनी होती. तिनं जॅक, पाने आणि तेलाचे डबे घेतले आणि हे काम ती आपल्या अंगणात स्वतः करते. पहिल्यांदा हे काम करायला बसली तेव्हाच तिचा फोन आला.

"काका, जयभीम. पुढच्या डिफरेन्शियलचा वरचा नट निघून नाही राहिला. खालचा काढून तेल सोडून देऊ का तोपर्यंत?"

"खालच्याले हात नको लावू," आनंदराव म्हणाले. "वरचा नाही निघाला तं भरशीन कुठून? गाडी तिथंच बसंन. वरच्यावर डिझेल टाक, घंटाभर थांब, मंग पान्यावर पाइप चढवून जोर दे."

तासाभरानं नट निघाल्याचा तिचा मेसेज आला. आनंदराव तेव्हा दुसऱ्या गाडीखाली होते. तो त्यांनी जेवणाच्या सुट्टीत वाचला.