डिकीतली सून

हल्ली मोटारीच्या डिकीत सामान ठेवतात. आमच्या वेळी सून ठेवायचे.

खोटं नाही सांगत. आमच्या मोटारीला पुढं दोघांपुरती गादी होती, तिच्यावर कापडी टप होता, आणि मागं पेटीसारखं एक झाकण. झाकणाची कडी ओढली की ते उघडायचं आणि आतून एक बाक निघायचा. त्याला म्हणायचं डिकी. चढायला मागच्या चाकावरच्या पत्र्याला वहाणेएवढी पायरी होती, तीसुद्धा सांगितल्याशिवाय दिसायची नाही. डोईवरचा पदर दातांत धरायचा, लुगडं आवरायचं, त्या पायरीवर पाय द्यायचा आणि आत उतरायचं. तिथं वर टप नाही, पुढं काच नाही. भोरातून निघताना मी माणूस असायची, उतरताना मातीचं ढेकूळ.

टपाखाली मालक आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मालक म्हणजे माझा नवरा. त्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, आता घ्यायची हौस नाही.

सासऱ्यांनी भाटघरच्या धरणावर दगडाची कंत्राटं घेऊन चार पैसे गाठीला बांधले होते. धरण पुरं झालं, तिथला एक साहेब विलायतेला निघाला आणि जाता जाता आपली जुनी मोटार मालकांच्या गळ्यात मारून गेला. झालं. सासरे तेवढ्यात वारले, आणि मालकांना विचारणारं कुणी उरलं नाही.

मालकांना मोटारीपेक्षा मोटारीतल्या छुप्या गोष्टींचा नाद फार. पाव्हणा आला की चहाच्या आधी त्याला मोटारीपाशी न्यायचे. "ही काच बगितली? आता बगा," म्हणून समोरच्या काचेचे स्क्रू सैल करायचे आणि काच पुढं ढकलून उघडायची. "वारा थेट तोंडावर!" पाव्हणा म्हणायचा, "लई झ्याक!" मग नाकावरचा पारा दाखवायचा. रेडिएटरच्या झाकणावर काचेची एक गोल डबी होती, तिच्यात लाल रेघ. इंजिन तापलं की रेघ चढायची, हाकणाऱ्याला बसल्या जागी कळावं म्हणून. आमच्या घरात सून तापली तर चार दिवस कुणाला कळायचं नाही, पण इंजिनाचं मेलं लगेच कळायचं.

स्टेअरिंगखाली दोन बाजूंना दोन दांड्या होत्या, मिशांसारख्या. एक पेट्रोल कमी-जास्त करायची. दुसरी ठिणगी लवकर पाडायची का उशिरा, ते ठरवायची. ही दुसरी मिशी आधी वर केली नाही आणि पुढं जाऊन हँडल मारलं, तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. मालकांना हे कुणी सांगितलं नव्हतं, मनगटानंच सांगितलं. महिनाभर हात गळ्यात बांधून फिरत होते आणि विचारणाऱ्याला सांगत होते, की बैलानं हिसडा दिला.

पण सगळ्यात मोठी गंमत आत्याबाईंच्या खाली होती. पेट्रोलची टाकी पुढच्या गादीखाली! पेट्रोल ओतायचं तर आत्याबाईंना उठवायचं, गादी काढायची, बूच उघडायचं. किती उरलंय ते बघायला काटा नव्हता. लाकडाची एक पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं, आम्ही कणगीत हात घालून भात बघतो तसं. बाई उठायला इतक्या कुरकुरायच्या, की मालक पट्टी बुडवायचाच कंटाळा करायचे. तपकिरीची डबी कमरेला लावून ती माउली वर्षानुवर्षं पेट्रोलवर बसली, आणि तिला वाटायचं आपण मानाच्या जागी बसलोय.

एक गुण मात्र मालक कुणालाच दाखवत नसत. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल न्यायला पंप वगैरे काही नव्हता. टाकी वर, इंजिन खाली, ओघळत जायचं आपलं. टाकी भरलेली असली तर काही अडायचं नाही. पण टाकी खाली गेली आणि खडी चढण आली, की मोटारीचं नाक वर व्हायचं, पेट्रोल टाकीतच मागं बसायचं आणि इंजिन उपाशी मरायचं. त्याला उपाय एकच. मोटार फिरवायची, पाठ चढणीला करायची आणि उलटं चढायचं. मग टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल आपलं आपण येतं. उलट्या गिअरला जोरही जास्त. धरणावरचा साहेब बिनदिक्कत तसाच चढायचा म्हणे.

मालकांना ते कसं सोसणार? एकदाच, भाटघरच्या अलीकडच्या चढावर, मोटार अशी थबकली. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. मालकांनी मागं पुढं पाहिलं, मोटार फिरवली आणि पाठमोरी वर नेली. वर पोचल्यावर खाली उतरून मला म्हणाले, "कुटं बोलायचं न्हाई. लोक म्हनतील, ह्यांची मोटार खेकड्यावानी चालती." मी बोलले नाही. माझं बोलणं ऐकायला होतं तरी कोण!

माझं माहेर पासलीला. भाऊ गावचा पाटील, शेती भाताची, आणि घर चढावरच्या कडेला. ओसरीवरून खालची वाट लांबवर दिसायची. आम्ही मोटारीनं जायचो तेव्हा टाकी भरून निघायचो, त्यामुळं मोटार सरळ चढायची. आई ओसरीवर उभी राहून बघायची. आधी काच दिसायची, मग मालक, मग आत्याबाई, आणि मोटार अंगणात वळली की सगळ्यात शेवटी धुळीतून मी. पहिल्या खेपेला आईनं माझं तोंड पदरानं पुसलं आणि आत नेऊन विचारलं, "तुला मागं का टाकत्यात गं? पेंडीच्या पोत्यावानी?" मी म्हटलं, "तितं वारा चांगला लागतो." पण दर खेपेला तिचा पहिला प्रश्न तोच असायचा, आणि तो ऐकला की मला ब्रह्मांड आठवायचं. लेकीला मोटारवाल्याच्या घरी दिली म्हणून गावभर तिचं कौतुक झालं होतं, आणि लेक बसली होती खोक्यात.

मग भात झोडायच्या दिवसांत भावाचा गडी भोरला आला. म्हणाला, "आईसायबांना धाप लागलीया. वैद्य म्हनला, आजचा दिस निगंल का न्हाई सांगता येत न्हाई. तुमचं नाव घेत्यात."

मालकांनी मोटार काढली, तेवढं खरं. आत्याबाईही निघाल्या, विहिणीला बघायला हवं ना! आदल्याच दिवशी मालकांनी कुणाच्याशा वरातीत मोटार मिरवली होती, त्यात पेट्रोल संपत आलं होतं. पट्टी बुडवली का, विचारावं असं मनात आलं. पण सुनेनं पट्टीबद्दल विचारायची ती वेळ नव्हती, आणि आमच्या घरात तशी वेळ कधीच नसायची.

वेल्ह्यापर्यंत गाडी नीट आली. पुढं बैलगाडीची वाट, आणि पासलीच्या अलीकडची ती खडी चढण. अर्ध्यात मोटार ठसकली, खोकली आणि बंद पडली. मालकांनी ती मागं घरंगळत खाली सपाटीला आणली. मला वाटलं, आता फिरवतील. कसलं काय! ते खाली उतरले, झाकण उघडलं आणि इंजिनाकडं बघत उभे राहिले.

कारण चढणीवर माणसं होती. पेंढ्याचे भारे घेतलेले पाचसहा जण, आमच्याच गावचे, भारे बांधावर टेकवून मोटार बघत होते.

"काय झालं, दाजी?" एकानं विचारलं.

"काय न्हाई. इंजिन जरा इसावा घेतंय," मालक म्हणाले.

इसावा! तिकडं माझ्या आईचा श्वास संपत होता आणि इथं इंजिन इसावा घेत होतं. मी डिकीत बसून बघत राहिले. मालक एक तार ओढायचे, परत लावायचे. पाऱ्याची डबी पुसली. माणसं जायची वाट बघत होते हो! पण माणसं कशाला जातात? मोटार बंद पडलेली बघायला मिळणं म्हणजे त्यांना जत्राच. एकजण तर भाऱ्यावर ऐसपैस बसला आणि त्यानं चंची सोडली.

तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, त्या चोरपायरीवर पाय दिला, खाली उतरले आणि चढणीला लागले.

"कुटं निगाली?" आत्याबाई ओरडल्या.

"आईकडं."

"चालत?"

"मंग काय इंजिनाचा इसावा व्हईस्तवर आई थांबल?"

चंचीवाला उठला आणि मालकांना म्हणाला, "आवं दाजी, पाटलाची भैन पायी चालली आन् तुमी मोटारीजवळ उबं?" बाकीचे हसले. मी मागं वळले, आणि त्या सगळ्यांसमोर, आत्याबाईंसमोर, आयुष्यात पहिल्यांदा मालकांना मोठ्यानं बोलले.

"फिरवा की मोटार! धरणाजवळ चढवली तशी चढवा. येतंय तुमाला, मला म्हाईत हाय."

मालकांचं तोंड पाऱ्यातल्या रेघेसारखं झालं. पण आता सुटका नव्हती. चालत जाणारी बायको आणि पाठमोरी मोटार, यांत कमी लाजेचं काय ते त्यांनी ठरवलं असणार. त्यांनी मोटार फिरवली. आणि मग कळलं, की टपामुळं त्यांना मागचं काहीच दिसत नाही. टपाच्या पाठीला तळहाताएवढी खिडकी, तीही धुळीनं माखलेली.

"बस मागं," ते म्हणाले. "आन् सांग."

मी डिकीत चढले. बसले मात्र नाही. पुढच्या गादीकडं पाठ केली, बाकाची पाठ घट्ट धरली आणि चढणीकडं तोंड करून उभी राहिले. मोटार निघाली. तुम्हाला म्हणून सांगते, काय चढली ती! खोकली नाही, ठसकली नाही. मी ओरडत होते, "उजवीला घ्या! आता डावीला! दगड हाय, दगड हाय, जरा हळू!" आणि मालक, ज्यांनी जन्मात माझं ऐकून भाजीत मीठ कमी घातलं नाही, ते मी सांगेन तिकडं चाक फिरवत होते. पदर कधी खांद्यावर आला मला कळलं नाही. आत्याबाई माझ्या मागं, तोंड दरीकडं, डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होत्या. भारेवाले मोटारीबरोबर पळत होते आणि ओरडत होते, "आली रं, पाटलाची भैन आली!"

गावात शिरलो तर धुळीचा सगळा लोट मागं, आत्याबाईंच्या अंगावर. माझ्या पुढं उघडी वाट आणि शेवटी आमची ओसरी.

आईला चुलीचा धूर सोसत नव्हता म्हणून बाजेवर घालून ओसरीत आणलं होतं. वहिनीनं तिला उशीला टेकवून बसवलं होतं. मोटारीचा आवाज आल्यावर तिनं मान वळवली असणार. तिला आधी काच दिसली नाही, मालक दिसले नाहीत, आत्याबाई दिसल्या नाहीत. आधी मी दिसले.

मी उडी मारून तिच्यापाशी गेले. तिचा हात गार होता. तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघितली. धूळ नव्हती.

"आता म्होरं बसवत्यात व्हय गं तुला?" तिनं विचारलं.

तेवढ्यात मालकांच्या आधारानं आत्याबाई ओसरीवर आल्या होत्या, नखशिखान्त धुळीनं भरलेल्या. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं असं बघितलं, की ते मिटलं.

"व्हय, आई," मी म्हणाले. "म्होरं बसवत्यात."

ती हसली. धाप लागलेलं माणूस हसतं तसं, अर्धं. मग माझा हात धरून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, खळ्यावर झोडणी चालू असताना, ती गेली.

मालक भोरला गेले आणि तेराव्यानंतर आत्याबाईंसह मला न्यायला आले. तोवर त्यांनी भोरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की पासलीची चढण पाठमोरी चढायची युक्ती आपणच काढली. पाव्हण्यांना आता काचेच्या आधी ती सांगत. माझं नाव त्यात कुठं नव्हतं, आणि मला ते नकोही होतं.

निघताना वहिनीनं माझी ओटी भरली. आत्याबाई पुढं जाऊन गादीवर बसल्या. मी झाकणाची कडी ओढली आणि पायरीवर पाय दिला. जाताना सगळा उतार होता, त्यामुळं मोटार सरळ निघाली. ओसरीवर बघायला कुणी नव्हतं.