सव्वादोनची चुडी

सगुणामावशी गेल्याचं मला अंगणवाडीत कळलं. खिचडीचे तांदूळ निवडता निवडता मदतनीस म्हणाली, "बाई, ते चुडीवाली मावशी गेली म्हणते… परवाच." माझा हात सुपातच राहिला. त्याला आता दीड महिना होतोय. सडक अर्जुनीच्या बाजारात तीसेक वर्षं चुड्या भरणाऱ्या बाईवर दुसरं कोण लिहिणार? मीच लिहिते. लिहिलेलं मला दिसतंय, तेही तिच्यामुळेच.

मावशी कुणाला माप विचारत नसे. हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा सांधा दाबायची आणि नेमका डबा ओढायची. लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून माझं माप सव्वादोन. तिच्या हातून चुडी सहसा तडकत नसे. पण २००६च्या सुमारास, पोळ्याच्या आधीच्या बाजारात, माझ्या हातावर एकामागून एक तीन तडकल्या. तिने माझा हात उलटसुलट केला, मनगटात अंगठा रुतवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुया हात मोठा होऊन राहिला वो. डाक्टरले दाखव."

बाजूच्या बाया हसल्या. मी तापले. "चाळिशीत बाई जाडी होतेच, त्यात डाक्टर कायले?" म्हणत उठले आणि पुढे वर्षभर तिच्या दुकानाकडे फिरकले नाही. दुसरीकडून अडीचच्या घेतल्या, सहज चढल्या, मी खूश. एवढी शहाणी मी!

त्या वर्षात चपलेचा नंबर दोनदा वाढला. धानाच्या रोवणीत चिखल तुडवून पाय पसरले, असं मी म्हणायचे. अंगठी सोनाराकडून कापून काढली. डोकं ठणकायचं, पाळी थांबली, आवाज घोगरा झाला, बसल्या जागी घामाच्या धारा. प्रत्येकाला माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं. थायरॉइड तपासला, तो ठीक निघाला, मग तर मी निर्धास्तच झाले. शेवटी येता-जाता दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागले. बाजूचं दिसेनासं झालं होतं आणि मी चौकटीला शिव्या घालत होते.

एके दुपारी मावशी स्वतःच घरी आली. डोक्यावरची पेटी उतरवून समोर बसली. "रागावली काऊन? मी तुले जाडी म्हणली का? जाडीचा हात नरम लागते. गरवार बाईचा सुजते, तो दाबला का खड्डा पडते. तुई तं हड्डीच रुंद झाली." तिने पेटीतून सव्वादोनची एक चुडी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. "हे ने. डाक्टरले तोंडानं सांगू नको, दाखव."

नागपूरच्या डॉक्टरांपुढे मी ती ठेवली, जरा लाजतच. ते हसले नाहीत. चुडी माझ्या हाताशी धरून पाहिली, लग्नातला फोटो मागवला. मग रक्तातल्या वाढीच्या हार्मोनची तपासणी झाली, डोक्याचा एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ होती. तीच हाडं वाढवत होती आणि डोळ्यांच्या नसा दाबत होती. "वर्षभर आधी आला असता तर…" डॉक्टर म्हणाले. नाकातून ऑपरेशन करून गाठ काढली. नजर वाचली, फक्त डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेलीच. ते वर्ष माझ्या फणकाऱ्याने खाल्लं. दुसऱ्या कुणाला दोष देऊ?

हाडं परत लहान होत नाहीत, त्यामुळे माप अडीचच राहिलं. पण पुढे दर बाजारी, मला काही घ्यायचं नसलं तरी, मावशी आधी हात ओढून दाबायची आणि म्हणायची, "थांबून आहे." दवाखान्याच्या रिपोर्टपेक्षा मला त्याचाच जास्त धीर वाटायचा.

परवा बाजारात गेले. त्याच जागी आता तिची सून बसते. मी सवयीने हात पुढे केला. "माप सांगा काकू," ती म्हणाली. माप मला पाठ आहे.

"आधी दाबून पाह्य," मी म्हटलं आणि तिचा अंगठा धरून माझ्या सांध्यावर ठेवला.

तिने दाबला. "मले तं काही समजलं नाही, काकू."

"पुढच्या बाजारी येतो. मंग अखीन दाब."