अत्तराचा फिरता रॅक

साधा एक रॅक करून घ्यायला निघालं, तर सांगण्यासारखं इतकं साठतं की ते ठेवायला दुसरा रॅक करावा लागेल! आता बसलाच आहात तर ऐका. चहा टाकलाय. पण मधे हसायचं नाही, माझं डोकं अजून तापलेलं आहे.

मी आणि शेजारच्या शमीमभाभी, आम्ही दोघी कोल्हारला घरी अत्तरं करतो. गुलाब, खस, मोगरा, चंदन. भाभींच्या माहेरी हाच धंदा. हात त्यांचा, नाक माझं. आणि सगळ्या जगाचा प्रश्न एकच, "माल कुठून आणता?"

अहो, आणता काय आणता! घरी करतो! सांगून सांगून घसा बसला, पण कुणी विश्वास ठेवेल तर शपथ!

शेवटी भाभी म्हणाल्या, "लोकांच्या डोळ्यांदेखत बनवू. मग तर मानतील?"

पण त्यासाठी सगळी तेलं आणि अर्क बरोबर न्यायला हवेत. पहिल्यांदा टोमॅटोच्या क्रेटमधून नेले. बेलापूरच्या रस्त्यावर गतिरोधक आला, तो टेम्पोवाल्याला दिसला नाही, आणि खसची बाटली फुटली. वर तोच माझ्यावर तापला, "ताई, टेम्पो नवरदेवासारखा वास मारतोय. शेळ्या चढंनात त्यात!"

गतिरोधक काय मी बांधला होता?

म्हणून रॅक. छोट्या खणांचा, दार लावता येईल असा, दोन्ही बाजूंना कड्या. उचलायचा आणि टेम्पोत ठेवायचा. बास!

*

काम दिलं पोपट मिस्त्रींना. बाटलीची उंची दाखवली, कड्या कुठं हव्यात ते दाखवलं. मिस्त्री प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. तेव्हाच मी समजून जायला हवं होतं.

रॅक आला तो दारावर हा एवढा आरसा लावून!

"आरसा कशाला, मिस्त्री?"

"बायामानसाचं कपाट म्हनल्यावर आरसा नको व्हय?"

"काढा तो."

"काढला तर भोकं दिसत्याल, वहिनी. लई वाईट दिसंल."

आरसा अजून तिथंच आहे.

*

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परत येते, तर मिस्त्री घाम पुसत उभे आणि रॅक भिंतीला ठोकलेला!

"डुगडुगत हुता, वहिनी. फरशी वरखाली हाय ना. पक्का केला. आता भूकंप आला तरी हलायचा न्हाई!"

"अहो, तो हलायलाच केलाय!"

मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मीच वेडी. "मग आदी सांगायचं की!"

आधी! मग त्या कड्या काय तोरणं बांधायला लावल्या होत्या?

आमचे हे समोर बसून सगळं बघत होते. "तुम्ही थांबवलं का नाही त्यांना?" म्हटलं. तर म्हणाले, "मला वाटलं तूच सांगितलंस. चांगला बसलाय की!"

*

भिंतीतून सुटका करून रॅक पहिल्यांदा कोल्हारच्याच बाजारात नेला. गर्दी काय विचारू नका! बाया येत होत्या, आरशात बघून टिकली नीट करत होत्या आणि पुढे जात होत्या.

एक गुरुजी तेवढे शेवटपर्यंत थांबले. भाभींनी त्यांच्यासमोर थेंब थेंब मोजून मोगरा आणि चंदन मिसळलं, हलवलं, त्यांच्या मनगटावर लावलं. गुरुजींनी वास घेतला. "वा! अप्रतिम! पण मूळ माल मुंबईचाच ना?"

मी तोंड उघडणार तोच भाभींनी माझा हात दाबला. "जाऊ द्या, वहिनी. कोपरगावला बघू."

कोपरगावच्या महिला प्रदर्शनात आम्हाला पहिल्यांदाच बोलावलं होतं. तिथं फक्त स्वतः बनवणाऱ्यांनाच जागा. आयोजक बाईंनी फोनवरच बजावलं होतं, "विकत आणलेला माल आहे अशी शंका जरी आली, तरी पुढच्या वेळी तुमचं नाव नाही!" म्हणजे आता त्या बाईंना पटलं तरच आमचं काही खरं.

*

आणि नेमकी त्याच्या आदल्या आठवड्यात मी भाचीच्या साखरपुड्याला माहेरी गेले. बाटल्या भाभींकडे, रॅक आमच्या घरी, रिकामा.

परत आले, दार उघडलं आणि मला शिंकांवर शिंका! सासूबाईंनी वर्षाचा काळा मसाला त्यात भरून ठेवलेला. ताजा, नुकताच कुटलेला!

"आई, हे काय केलंत?"

"नवं कपाट घरात रिकामं ठिवू नये, यवढं बी ठावं न्हाई तुला? अन् काय मापाचं झालंय गं! येक येक पुरचुंडी कशी बसलीया बघ!"

लाकूड नवं, कोरं. पोटभर वास पिऊन बसलेलं. लिंबू चोळलं, सोडा चोळला. उन्हात ठेवला तर वास आणखीच सुटला. मला रडू कोसळायचं बाकी होतं. आणि आमचे हे म्हणतात, "मला तर भूक लागली!"

*

दुसरा रॅक करायला वेळ कुठला? तसाच नेला कोपरगावला. मदत करते म्हणून आईही आल्या आणि खुर्ची धरून बसल्या.

आयोजक बाई आमच्यासमोर आल्या. आधी आरशात बघून टिकली नीट केली. मग म्हणाल्या, "हं, दाखवा."

भाभींनी गुलाब घेतला, चंदन घेतलं. थेंब थेंब मोजून मिसळलं. अत्तर बाईंच्या मनगटावर लावलं. बाईंनी वास घेतला. मग एकदम वाकल्या, रॅकच्या खणात नाक घातलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"अत्तराचं मला कळत नाही, कुठून आणता ते तुमचं तुम्हाला माहीत," बाई म्हणाल्या. "पण हा वास विकतचा नाही हं! हा घरचा मसाला!"

"व्हय तर!" आई खुर्चीतून उठल्याच. "आमीच भाजतो, आमीच कुटतो!"

"ते काय सांगायला हवं?" बाई हसल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या वेळी तुमचं नाव पक्कं. मसाल्याच्या रांगेत!"